दहापासून सुरू होणारा टेप

मित्रांनो, तुमच्या घरातला टेप शून्यापासून सुरू होत असेल. मी दहापासून सुरू होतो. मी एक जुना स्टीलचा टेप आहे आणि माझे पहिले दहा सेंटीमीटर माझ्यापाशी नाहीत. ते कुठे गेले ते सांगेनच, पण त्याआधी माझा स्वभाव सांगून ठेवतो. मला 'अंदाजे' हा शब्द सहन होत नाही. 'असेल तेवढंच', 'उन्नीस-बीस चालतं' असे कोणी म्हणाले की माझ्या पोटातली स्प्रिंग आवळते. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाची पातळ पट्टी, तिच्यावर पिवळा रंग, त्यावर काळ्या रेघा आणि टोकाला एक छोटी आकडी. तिथून मी एका हार्डवेअरच्या दुकानात आलो आणि खिळ्याला टांगून राहिलो. एके दिवशी नुकताच आर्किटेक्चर कॉलेजातून बाहेर पडलेला एक तरुण दुकानात आला. त्याला पहिली नोकरी लागली होती. त्याने दुकानातला प्रत्येक टेप ओढून, वाकवून, उन्हात धरून बघितला. दुकानदार इतका वैतागला, की "लग्न लावायचंय का त्याच्याशी?" असे म्हणाला. तरुणाने शेवटी मला निवडले. आज त्याचे केस पिकले आहेत, त्याचे स्वतःचे ऑफिस आहे आणि सगळे त्याला 'सर' म्हणतात.

सरांबरोबर मी दुकाने मोजली, शाळा मोजल्या, पाण्याच्या टाक्यांत उतरलो. काम झाले की ते मला मऊ फडक्याने पुसत. "माझा टेप खोटं बोलत नाही," असे ते लोकांना सांगत. ते ऐकून मी फुगत असे, हे कबूल करायला हरकत नाही.

मग एका साइटवर विटांनी भरलेली हातगाडी माझ्या तोंडावरून गेली. आकडी तुटली, पुढची पट्टी चुरगळली. ऑफिसातल्या सगळ्यांनी सुचवले की आता नवा टेप घ्या. सरांनी पत्रा कापायची कात्री मागवली आणि मला बरोबर दहाच्या रेघेवर कापले. "वजाबाकी येते ना सगळ्यांना?" एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून ऑफिसात एक रीत पडली. साइटवर वजाबाकी करायची नाही, टेपवर जे दिसेल ते तसेच लिहून आणायचे. नकाशा काढणाऱ्याने टेबलावर बसून, डोके शांत ठेवून त्यातून दहा वजा करायचे. रीत चांगली होती. साइटवरच्या धुळीत आणि आरडाओरड्यात भल्याभल्यांची वजाबाकी चुकते. सगळ्यांच्या ती इतकी अंगवळणी पडली, की ती सांगावी लागते हेच लोक विसरून गेले.

पुढे लाल ठिपक्याने मोजणारे यंत्र आले. भिंतीवर ठिपका पडला की आकडा हजर. सगळे त्याच्याभोवती जमले आणि मी खणात गेलो. वाळलेली पेने आणि कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या हे माझे शेजारी. दुखावलो होतो मी. ज्याने मला उन्हात धरून निवडले त्याने खण लावताना माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

त्या खणातून मला नवीने बाहेर काढले.

नवी म्हणजे ऑफिसात नुकतीच लागलेली मुलगी. तिचे पाळण्यातले नाव वेगळे होते, पण ऑफिसात सर्वांत शेवटी जो येतो त्याला 'नवा' किंवा 'नवी' म्हणत. कॉलेजात तिने तरंगत्या संग्रहालयाचा आराखडा काढून बक्षीस मिळवले होते. इथे तिला पहिले काम मिळाले ते संडासाचे दार आत उघडावे की बाहेर, हे ठरवण्याचे. तिने तेही मन लावून केले. कारण ही तिची पहिली नोकरी नव्हती. पहिल्या ऑफिसातून तिला महिन्याभरातच घरी पाठवले होते. तिने चिकटवलेले इमारतीचे मॉडेल ऐन मीटिंगमध्ये मालकाच्या पुढ्यात कोसळले होते. त्यानंतर तिच्या मामाने, बँकेची परीक्षा दे म्हणून मी आधीच सांगत होतो, हे पालुपद धरले होते. आई रोज दुपारी फोन करी आणि इकडचे तिकडचे बोलून शेवटी, नीट टिकून राहा बाई, असे म्हणे. सरांनी तिला तीन महिने बघू म्हणून ठेवून घेतले होते. तिसरा महिना संपत आला होता.

त्या दिवशी ठिपक्याचे यंत्र दुसऱ्या साइटवर गेले होते. सरांनी नवीला सांगितले, की डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या खोलीचे माप घेऊन ये. जाता जाता ते म्हणाले, "टेप दहापासून आहे, बघ हं." तिने मान हलवली. मित्रांनो, अर्धी सूचना कधीकधी काहीच न सांगण्यापेक्षा वाईट असते.

डॉक्टरीणबाईंचे घर दोन मजली होते. खाली दवाखाना, वर त्यांचे आईवडील राहत. वडील बसचे निवृत्त ड्रायव्हर. आईच्या पायाचे ऑपरेशन झालेले, त्यामुळे त्या पलंगाला खिळून होत्या. खालच्या दोन लहान खोल्यांमधली भिंत काढून एक मोठी खोली करायची होती. पण त्याच भिंतीवर वरची खोली उभी होती आणि त्या खोलीत आईंचा पलंग. भिंत काढायची तर तिच्या जागी आडवी लोखंडी तुळई घालावी लागणार होती. तिची दोन्ही टोके बाजूच्या भिंतींत नीट आत शिरून बसली, तरच वरचा भार तिने पेलायचा.

नवीने खोलीची रुंदी मोजली. एकदा नाही, तीनदा. माझे तुटके तोंड भिंतीला टेकवले, आकडा वाचला, त्यातून मनातल्या मनात दहा वजा केले आणि उरलेला आकडा लिहिला. कॉलेजात हेच तर शिकवतात, खरे माप लिहा म्हणून. ती माझ्याइतकीच काटेकोर होती. मला ती आवडली.

ऑफिसात नकाशा ड्राफ्ट्समनकाकांनी काढला. काका सरांचे पहिले सहकारी, नकाशा काढण्यात हातखंडा. त्यांनी विचारले, कुठल्या टेपने मोजलंस? नवीने मला दाखवले. काकांनी मान डोलावली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने दहा वजा केले. मी टेबलावरच होतो. माझ्या डोळ्यांदेखत माझे एकदा तुटलेले दहा सेंटीमीटर दुसऱ्यांदा तुटले, आणि मला वाचा नव्हती.

तुळई त्या नकाशावरून कापली गेली.

काम सुरू झाले त्या दिवशी सर परगावी निघाले होते. साइटवर लक्ष ठेवायला नवी एकटीच होती. मी तिच्या पँटच्या खिशाला अडकवलेला. सकाळी गवंड्यांनी भिंतीच्या वरच्या भागात आरपार भोके पाडली, त्यांतून लाकडी ओंडके घातले आणि ओंडक्यांखाली दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू उभे केले. मग खालची भिंत फोडली. वरची खोली, वरचा पलंग, पलंगावरची आई, सगळे आता त्या टेकूंवर होते. बोलताना सगळे हळू बोलू लागले होते.

चार माणसांनी तुळई उचलली. एक टोक भिंतीतल्या खाचेत पुरते शिरले. दुसरे टोक वर गेले आणि नवी पुढे धावली. ज्या बाजूला तुळई चांगली पंधरा सेंटीमीटर आत जायला हवी होती, तिथे ती जेमतेम तीन बोटे भिंतीवर टेकत होती.

तिने तुळई खाली ठेवायला लावली. मला ओढून तिने खोली मोजली, मग तुळई मोजली. माझ्या मापात फरक नव्हता. फरक नकाशात होता. तिने सरांना फोन लावला, लागला नाही. मग काकांना लावला. फोन तिच्या कानाला आणि मी त्याच मुठीत, त्यामुळे मला दोन्ही बाजूंचे ऐकू आले.

"काका, तुळई कमी पडतेय. बरोबर दहाने."

काकांनी नकाशा उघडल्याचा आवाज आला. "मी दहा वजा केले होते."

"मीपण केले होते."

"अगं, साइटवर वजा करायचं नसतं."

"मला कोणी सांगितलं नाही, काका."

मग काका म्हणाले, की मी निघतो, पण पोहोचायला तास लागेल, तोवर कशाला हात लावू नकोस. पण हात न लावून कसे भागणार? टेकू हे टेकूच. ते काही तासांसाठी असतात.

कंत्राटदार जवळ आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्याने आवाज खाली आणून समजावले, की नवी तुळई यायला चार दिवस लागतील आणि चार दिवस घर टेकूंवर ठेवण्यापेक्षा हीच बसवलेली बरी. पोकळी सिमेंटने भरून घेऊ, वरून प्लास्टर मारू. "तीन बोटं टेकतेय ना, मॅडम? प्लास्टर झाल्यावर कोण बघतंय? तुमच्या सरांनाही सांगायला नको. तुमची नवी नोकरी आहे."

घाबरली की मला थोडेसे ओढायचे आणि सोडायचे अशी नवीला सवय होती. त्या वेळी तिने मला इतक्यांदा ओढले आणि सोडले, की माझी स्प्रिंग तापली. तिच्या मनात काय चालले होते ते मला ठाऊक आहे. मामा, आई, कोसळलेले मॉडेल आणि संपत आलेला तिसरा महिना. 'हो' म्हटले असते तर संध्याकाळपर्यंत सगळे झाकले गेले असते. मला भीती वाटत होती, आणि खरे सांगतो, तिच्याबद्दल शंकासुद्धा आली.

तिने शेवटी मला खटकन बंद केले.

"ही तुळई बसवायची नाही. आहेत तेवढे सगळे टेकू लावा. आणखी लागतील ते मागवा. मी वर जाते."

"वर कशाला?"

"आजींना खाली आणायचंय."

वर निवृत्त ड्रायव्हर खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते. नवीने आढेवेढे घेतले नाहीत. माझं माप नकाशात चुकीचं उतरलंय, तुळई अपुरी आहे, दुसरी येईपर्यंत इथे राहणं सुरक्षित नाही, असे तिने सांगून टाकले. आजोबांनी चष्मा काढला. किती कमी आहे, असे विचारले. नवीने मला ओढून त्यांना दाखवले. ते आकड्यांकडे बघत राहिले. पलंगावरून आजी म्हणाल्या, की मी इथून हलायची नाही, उचलताना माझ्या पायाचे काय होईल ते मला माहीत आहे.

आजोबा उठले. "ब्रेक लागत नाही असं कळलं, की आधी माणसं उतरवायची. गाडीचं नंतर बघायचं. ऊठ, मी धरतो."

आजींना खुर्चीत बसवले. कंत्राटदाराची दोन माणसे पुढे, आजोबा आणि नवी मागे. जिना फोडलेल्या खोलीच्या अगदी लगत होता. खुर्ची एकेक पायरी उतरत होती आणि पलीकडे टेकू दिसत होते. अर्ध्या जिन्यावर वरून थोडी माती गळली, एका ओंडक्यातून करकर आवाज आला आणि सगळे जागच्या जागी थिजले. नवीने खुर्ची आणखी घट्ट धरली. आवाज थांबला. "चला, हळू," आजोबा म्हणाले. शेवटची पायरी आली, मग दार, मग उजेड. आजी अंगणात खुर्चीतच रडू लागल्या.

निरोप मिळताच डॉक्टरीणबाई धावत आल्या. आधी आईचा पाय तपासला, मग नवीकडे वळल्या. तुमच्या ऑफिसात मोजता येणारी माणसं नाहीत का, असे त्या फटकारून म्हणाल्या. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. नवीने मान खाली घातली आणि माप मी घेतले होते, एवढेच सांगितले. काकांचे नाव तिने घेतले नाही.

काका आले, दुपारी त्यांचा फोन लागल्यावर सरही अर्ध्या वाटेतून परत फिरून आले. खोलीत आता टेकूंची गर्दी झाली होती. सरांनी प्रत्येक टेकू हाताने चाचपला, मग खाचा बघितल्या, मग जमिनीवरची तुळई.

"दहा कोणी वजा केले?" त्यांनी विचारले.

"मी," नवी म्हणाली.

काका तिच्या शेजारी उभे होते. त्यांनी गप्प राहायचे ठरवले असते तर तिने त्यांना उघडे पाडले नसते, हे त्यांना कळत होते. "आणि मी," ते म्हणाले. "तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही."

सरांनी दोघांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. त्यांच्या कपाळावर आठी होती, पण ती कोणासाठी ते मला ओळखता आले नाही. ते नवीला म्हणाले, की नवी तुळई बसून टेकू निघेपर्यंत ये. तुझं काय करायचं ते त्यानंतर बघू.

ते दिवस वाईट गेले. नवी सकाळी सर्वांच्या आधी येई आणि टेकू तपासत फिरे. आईचा फोन आला की, सगळं ठीक आहे, असे सांगे आणि फोन ठेवून पुन्हा टेकूंकडे वळे. नव्या तुळईचे माप तिने घेतले, काकांनी घेतले, कंत्राटदारानेही घेतले. कापण्याआधी तिघांनी आकडे मोठ्याने म्हणून दाखवले. तुळई आली, चढली, दोन्ही खाचांत पुरती शिरली. सिमेंट वाळेपर्यंत पुन्हा वाट बघणे आले.

टेकू काढायच्या दिवशी सगळे जमले. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या, आजोबा त्यांच्या मागे. तुळई भाराखाली वाकते का, हे बघायचे होते. त्यासाठी जमिनीपासून तुळईपर्यंत माप धरून टेकू काढायचे आणि आकडा बदलतो का ते पाहायचे. म्हणजे दोन माणसांनी तुळईखालीच थांबायचे. एकाने खाली टोक धरायचे, दुसऱ्याने वर आकडा वाचायचा. मित्रांनो, टेपचे टोक धरणे हे ऑफिसातले सर्वांत हलके काम. धुळीत गुडघे टेकायचे, अंगठा दाबून ठेवायचा आणि नाव दुसऱ्याचे व्हायचे. ते काम नेहमी सर्वांत नव्या माणसाकडे येते.

नवी सवयीने खाली वाकू लागली. सरांनी तिला थांबवले. त्यांनी आपली स्वच्छ पँट थोडी वर ओढली, त्या धुळीत गुडघे टेकले आणि माझे तुटके तोंड स्वतःच्या अंगठ्याखाली जमिनीवर दाबले. "वर तू वाच," ते म्हणाले.

नवी स्टुलावर चढली. तिने आकडा वाचला. कंत्राटदाराने पहिला टेकू सैल केला. मग दुसरा. शेवटच्या टेकूवर हातोडा पडला, तो आडवा झाला आणि वरचे सगळे घर तुळईवर आले. तुळईतून एक दबका आवाज आला. त्यानंतर काहीच नाही.

"किती?" खालून सरांनी विचारले.

नवीने आकडा सांगितला. तो होता तोच होता. केसभरही हलला नव्हता.

"वजा करून सांगतेस?"

"नाही, सर. दिसतो तसा."

सर उठले नाहीत. गुडघ्यांवरच बसून ते काकांना म्हणाले, की उद्या शाळेच्या जिन्याचं माप आहे, नवीला गाडीत घ्या. मग तिच्याकडे वर बघून म्हणाले, "निघण्याआधी पंधरा मिनिटं माझ्यासमोर बस. आपल्या ऑफिसात काय काय कसं करतात, ते सगळं सांगतो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं."

नवी स्टुलावरून उतरली आणि अंगणात जाऊन तिने आईला फोन लावला. मी तिच्या मुठीतच होतो. ती एवढेच म्हणाली, "आई, माझ्या हातून मोठी चूक झाली होती. उद्या कामावर जायचंय." आणि मग ती हुंदके देऊन रडली.

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा, तेल द्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. जुन्या वस्तू मोडतात, माणसांच्याही सवयी एखाद्या बाजूने तुटलेल्या असतात. म्हणून कोणाला फेकून देऊ नका. पण घरात, वर्गात, ऑफिसात कोणी नवे आले, तर त्याला शेजारी बसवा आणि आपली वस्तू कुठे मोडकी आहे व आपण ती कशी वापरतो, ते पूर्ण सांगा. अर्धे सांगून निघून जाऊ नका. त्याच्या डोक्यावर कोणाचे तरी घर असते.